ठिपका कुठल्या बाजूला?

कुठल्याही घरातला अल्बम उघडून बघा. बारसं, बोरन्हाण, पहिला वाढदिवस, गॅदरिंगमधला कोळी डान्स, असेल तर मुंज. साधारण सहावी-सातवीनंतर फोटो विरळ होत जातात. मग दहावीच्या हॉलतिकिटावरचा पासपोर्ट फोटो, ज्यात एकूण एक मूल पोलीस चौकीत जबाब द्यायला बसल्यासारखं दिसतं. त्यानंतर थेट साखरपुडा. मधल्या आठ-दहा वर्षांत मोबाईलमध्ये सेल्फींचा ढीग असतो, पण दुसऱ्या कुणी नीट बघून काढलेला एक फोटो नसतो. आमच्या आयांच्या पिढीत तर मुलीचा स्टुडिओतला पहिला मोठा फोटो म्हणजे स्थळासाठी काढलेला. साडी, कुंडीच्या स्टँडवर हात, मागे रंगवलेला पडदा. तिला काय येतं, कशात तिचा जीव आहे, हे त्या फोटोत दिसायची सोयच नव्हती. उंची आणि रंग दिसला की काम झालं.

मी पनवेलला चौदा वर्षं लग्नाची आणि पोर्ट्रेटची कामं करतो. अलीकडे ‘मुलाचा जरा वेगळा फोटो हवाय’ म्हणत येणारे पालक वाढले आहेत. मुलं चित्रं काढणारी, रॅप लिहिणारी, कपडे स्वतः शिवणारी. धंद्यात आम्ही याला ‘पर्सनॅलिटी शूट’ म्हणतो. मला तो शब्द आवडत नाही, पण रेटकार्डावर तोच छापलाय. खाली लिहितोय ते त्यातल्याच एका कामाचं प्रकरण. पहिल्या फेरीत मी त्यात सपशेल आपटलो होतो. मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन लिहितोय. नाव आणि गाव गाळलंय.

फोन आईचा आला. “दादा, मुलीचे फोटो काढायचेत. लग्नाचे नाही हां, आत्ताशी सोळा पूर्ण झालीये. चित्रं काढते, मातीकाम करते. पण फोटो म्हटलं की तोंड फिरवते. मामाच्या लग्नात सगळ्यांचे फोटो हिनं काढले, हिचा एकही नाही.”

घर पेणजवळच्या एका गावात. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने घराघरांत आहेत. यांचाही होता, वडिलांचा. म्हणजे आजोबांनी सुरू केलेला, वडिलांनी वाढवलेला. मी साडेसहा हजारांचं पॅकेज सांगितलं: दोन तास, पंधरा फोटो, एक मोठी प्रिंट. तारीख ठरली, कपडे ठरले. सगळं आईशी ठरलं. मुलीशी मी एक शब्द बोललो नाही. फोन तिच्या हातात द्या, असं म्हणायचं मला सुचलंही नाही.

रविवारी सकाळी मायलेकी स्टुडिओत आल्या. मी तयारीत होतो. पिंटरेस्टवर ‘आर्टिस्ट टीन’ असं टाकून जे जे सापडलं ते सगळं मी उभं केलं होतं: लाकडी ईझल म्हणजे चित्र टेकवायची घोडी, कोरा कॅनव्हास, बरणीत उभे ब्रश, मागे पिवळ्या दिव्यांची माळ. तिला एक डंगरी दिली आणि गालावर निळ्या पोस्टर कलरचा एक फटकारा ओढला. तो मी स्वतःच्या हातानं ओढला, हे लिहिताना आज बोटं अडखळतात. समोर रिंग लाईट. दोन तासांत ३१२ फ्रेम घेतल्या. “खांदे सैल सोड, हसू थोडं, नॅचरल रहा.” तिचे खांदे कानापर्यंत आले होते आणि तिथून खाली उतरायला तयार नव्हते.

मॉनिटरवर निवड करायला बसलो. आईनं नऊ फोटो निवडले. मुलीनं शून्य. आई वैतागली. मी हसून वेळ मारून नेली, म्हटलं, घरी जाऊन बघ, कळव. तेव्हा ती पहिल्यांदा सलग बोलली.

“काका, एक सांगू? हा फोटो कुठल्याही ड्रॉइंग क्लासच्या बॅनरवर चालेल. आणि मी ब्रश असा धरत नाही.”

“मग कसा धरतेस?”

टेबलावरचा ब्रश तिनं उचलला, करंगळी मॉनिटरच्या कडेला टेकवली आणि हात अधांतरी स्थिर केला. करंगळी टेकलेली, बाकीचा हात हवेत. तो हात एवढा निश्चल होता की मी बघतच राहिलो. दोन तास मी या मुलीचा चेहरा सैल करायची खटपट करत होतो आणि तिच्या हातात हे होतं. मग तिनं स्क्रीनवरच्या स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं. “आणि हे काय? माझ्या डोळ्यात बांगडी कशाला?”

रिंग लाईटचं प्रतिबिंब बुबुळात गोल कड्यासारखं पडतं. आमच्याकडे ते फॅशन म्हणून चालतं, ब्युटी शूटला लोक मुद्दाम मागतात. डोळ्यातल्या त्या चमकेला आम्ही कॅचलाईट म्हणतो. ती नसेल तर डोळा मेलेला दिसतो, हे शिकाऊ पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. पण ‘ती अशी का दिसावी’ हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मुलगी मूर्तींचे डोळे आखते. कारखान्यात त्याला आखणी म्हणतात, आणि आखणीवाल्याचा मान सगळ्यांत वरचा. बुबुळावर शेवटचा पांढरा ठिपका कुठे पडतो यावर मूर्ती बघते की नुसती बसते, ते ठरतं. तिनं बारा-तेराव्या वर्षापासून असे ठिपके घातलेत. माझ्या रिंग लाईटवर तिचं मत माझ्यापेक्षा जास्त अधिकाराचं होतं.

मी पैसे परत करायला काढले. आई नको म्हणाली, तिला तिचे नऊ फोटो चालणार होते. मीच म्हटलं, एकदा कारखान्यावर येतो, कॅमेरा न घेता.

आता मधेच एक गोष्ट सांगतो, कारण या वयाची मुलं समोर आली की ती हमखास आडवी येते. फोटो नापसंत करणाऱ्या मुलीला आपण लगेच ‘लाजरी’ किंवा ‘कॉन्फिडन्स नाही’ असं लेबल लावतो. त्यातला निम्मा मामला निव्वळ आरशाचा असतो. आपण स्वतःला जन्मभर आरशात बघतो, म्हणजे उलटं. भांग डावीकडचा उजवीकडे, तीळ या गालाचा त्या गालावर. कॅमेरा सुलटं दाखवतो आणि ते ओळखीचं वाटत नाही. १९७७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेत हा प्रयोग झाला होता. विद्यार्थिनींना स्वतःचा सुलटा आणि उलटा छापलेला फोटो दाखवला, तर बहुतेकींना उलटा आवडला. त्यांच्या मैत्रिणींना मात्र सुलटा. आजच्या मुलांचं तर आणखी अवघड आहे. बऱ्याच फोनचा पुढचा कॅमेरा सेल्फी घेताना आरशासारखं चित्र दाखवतो, आणि हात लांब करून घेतलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याच्या जवळ आल्यानं मोठं आणि कान लहान दिसतात. म्हणजे मुलीच्या डोक्यात स्वतःचा जो चेहरा पक्का बसलाय तो उलटाही आहे आणि जवळून ताणलेलाही. मी दोन मीटरवरून ८५ मिलिमीटरच्या लेन्सनं काढलेला चेहरा तिला परका वाटला, यात तिचा काय दोष?

तेव्हापासून मी निवडीच्या वेळी दोन-तीन फोटो आरशातल्यासारखे उलटवून दाखवतो. नापसंत फोटो लगेच आवडतो असं नाही. पण ‘मी वाईट दिसते’ हे वाक्य ‘हा फोटो नको’ इथपर्यंत येतं, आणि मग कामाचं बोलता येतं.

कारखान्यावर गेलो तेव्हा आषाढ लागला होता. चतुर्थीआधीचे दोन महिने या भागात कुणाला सुट्टी नसते. पत्र्याची लांब शेड, पावसाच्या बाजूनं निळी ताडपत्री, फळ्यांवर शे-दीडशे मूर्ती. शाडूच्या राखाडी, काही पांढरा हात मारलेल्या, काही अंगाचा रंग झालेल्या, पितांबर व्हायचं बाकी असलेल्या. पावसाळ्यात शाडू लवकर सुकत नाही, म्हणून पंखे चोवीस तास चालू. डोळे नसलेल्या एवढ्या मूर्ती एकदम बघायची सवय नसेल तर पोटात जरा कालवतं.

ती कोपऱ्यात दाराजवळ बसली होती, शाळेच्या पीटीच्या जुन्या टीशर्टमध्ये. झिरो नंबरचा ब्रश. मूर्ती फिरत्या पाटावर, तोंड तिच्याकडे. करंगळी गणपतीच्या गालाला टेकवली, श्वास घेतला, रोखला, वरच्या पापणीची रेघ एका दमात सोंडेपासून कानाकडे ओढली. श्वास सोडला. पाट फिरवला. दुसरा डोळा. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं तसा तिच्या वडिलांनी लांबूनच हात वर केला. “आखणीच्या टायमाला बोलायचं नाय, साहेब.”

दुपारी चहाला थांबली तेव्हा मी तिला एकच प्रश्न विचारला. ‘तुला काय आवडतं’ हा प्रश्न मी सोडून दिलाय. त्याला सगळी मुलं एकच उत्तर देतात: म्युझिक, ट्रॅव्हल, फ्रेंड्स. मी विचारलं, “काय करत असताना कुणी हाक मारली तर तुला राग येतो?”

ती म्हणाली, “आखणी करताना. पण तेवढा नाही, ते काम आहे. म्हातारीचं शूटिंग चालू असताना जास्त.”

म्हातारी फळीमागे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. वीतभर उंचीची, शाडूची, आत तारेचा सांगाडा, डोक्यावर टोपली. ही मुलगी फोननं स्टॉप-मोशन फिल्म करत होती. मूर्ती किंचित हलवायची, फोटो, परत किंचित, परत फोटो. सेकंदाला १२ फोटो, म्हणजे दहा सेकंदांना १२०. शाडू या कामाला अजिबात योग्य नाही, तो सुकतो आणि तडकतो. तेलातली माती महाग पडते, घरात शाडूची पोती पडलेली. म्हणून तिनं गोष्टच अशी घेतली की पात्र म्हातारं होत जातं. बाजाराला निघालेली तरुण मासेवाली, घरी परतेपर्यंत सुरकुत्यांची म्हातारी. भेगा आपोआप पडत होत्या, तिला फक्त त्या योग्य क्रमानं टिपायच्या होत्या. घरात कुणालाही हे नीट माहीत नव्हतं. आईला वाटायचं पोरगी फोनवर टाइमपास करते.

ही ‘पर्सनॅलिटी’ मी ईझल आणि डंगरीत शोधत होतो. ईझलवर तिनं आयुष्यात काम केलेलं नव्हतं. गिटार न वाजवणाऱ्याच्या हातात गिटार देऊन काढलेले फोटो मी स्वतः किती विकलेत याचा हिशेब त्या रात्री मांडायला गेलो आणि सोडून दिला.

दुसरं शूट आठवड्यानं ठरलं, कारखान्यातच, आणि या वेळी मुलीशी बोलून. तिच्या तीन अटी होत्या. काम थांबवणार नाही. पीटीचा टीशर्ट बदलणार नाही. निवड तीच करणार. शेवटच्या अटीवर आई म्हणाली, “पैसे आम्ही देतोय ना?” आणि टीशर्टवर, “त्या मळक्या कपड्यात? लोक काय म्हणतील, पोरीला कामाला जुंपलंय?” दुसरी हरकत मला खरोखर पटली. सोळा वर्षांची मुलगी कारखान्यात रंगात माखलेली, हा फोटो बाहेर कुणी कसा वाचेल हे आपल्या हातात नसतं. तडजोड अशी झाली: आखणीचे फोटो टीशर्टवर, म्हातारीच्या शूटिंगचे फोटो आईनं काढून ठेवलेल्या मोरपंखी ड्रेसवर. आणि बाहेर कुठलाही फोटो जाणार नाही, दोघींनी हो म्हटल्याशिवाय.

इथे कायद्याचं दोन ओळीत सांगायला हवं, आमच्या धंद्यात निम्म्यांना माहीत नसतं. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार केला नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्याचा पहिला मालक फोटोग्राफर नसतो, काम देणारा असतो. म्हणजे मी माझ्या पेजवर तिचा फोटो ‘माझं काम’ म्हणून टाकायला लागलो तर लेखी परवानगी मलाच मागायला हवी. आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येकजण बालक आहे, संमती पालकांची लागते. सही आईची घेतली. पण त्या कागदावर मी खाली हातानं एक ओळ वाढवली की मुलगी नको म्हणेल तो फोटो डिलीट होईल. कायद्यानं ती ओळ लागत नाही. लिहिताना आईनं वाचली, काही बोलली नाही, सही केली.

शूटच्या दिवशी धो-धो पाऊस. शेडमध्ये तीन प्रकारचा उजेड कालवलेला होता: ट्यूबचा हिरवट, ताडपत्रीतून झिरपणारा निळा आणि दारातून येणारा ढगाळ पांढरा. असल्या उजेडात सावळी त्वचा आजारी दिसते. एका गालाला निळी, दुसऱ्याला शेवाळी. घरी बसून ते सुधारता येत नाही, एक रंग काढला की दुसरा वर येतो. त्यात आपली वीज ५० हर्ट्झची, चोकवाल्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर फार वेगात ठेवलं तर फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. मी वडिलांना ट्यूब बंद करायला सांगितल्या. त्यांनी त्या कोपऱ्यातल्या दोन बंद केल्या, बाकीच्या नाही, कारण पलीकडे चार माणसं पितांबर रंगवत होती. बरोबरच होतं. शटर १/१०० सेकंदावर ठेवलं, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १६००, ३५ मिलिमीटरची लेन्स. तिच्या पाठीमागची ताडपत्री वडिलांनी हातभर दुमडून दिली, मूर्तींवर पाऊस येणार नाही इतपतच. दारासमोरच्या बाजूला, उजेड परतवायला, पांढरा थर्मोकोल उभा केला. एवढंच लायटिंग.

पहिली चाळीस मिनिटं काहीच मिळालं नाही. ती काम करत होती, पण मी आहे हे तिच्या मानेला कळत होतं. मी कॅमेरा खाली ठेवून मूर्ती मोजत बसलो. मग तिनं श्वास रोखला ती रेघ आली. आणि मला कळलं की रेघ ओढतानाचा क्षण माझ्या कामाचा नाही. तेव्हा चेहरा दगडासारखा होतो, सुंदर असतो पण बंद असतो. फोटो आहे तो रेघ संपल्यावर, श्वास सुटतो त्या अर्ध्या सेकंदात. ओठ किंचित उघडतात, भुवया खाली येतात, नजर अजून मूर्तीवर असते पण ‘जमलं का’ असं विचारत असते. त्या अर्ध्या सेकंदात चेहरा कुणासाठीच धरलेला नसतो. मी तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला लागलो. ती रोखायची, मी रोखायचो. ती सोडायची, मी बटण दाबायचो. पुढच्या वीस मिनिटांत आखणीचे जे सहा फोटो तिनं पुढे निवडले, ते सगळे याच श्वासांमधले.

ठिपके घालायची वेळ आली तेव्हा ती आपणहून बोलली. “दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला घालायचा. नाहीतर देव तिरळा दिसतो.” मी माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचा डोळा मोठा करून दाखवला. बुबुळात दार होतं. उभं, पांढरं, चौकोनी, त्यात पावसाची तिरपी रेघसुद्धा. ती बराच वेळ बघत राहिली. “हे बरंय,” म्हणाली. आमच्याकडच्या ‘वॉव’ आणि ‘अमेझिंग’च्या पावसात या दोन शब्दांनी मला जे समाधान दिलं ते सांगता येणार नाही.

दुसरा भाग म्हातारीचा. ड्रेस बदलून आली, ओढणी कमरेला खोचली, फोन विटांच्या स्टँडवर लावला. इथे मी तिला काही सुचवायच्या आत तिनंच विचारलं, “काका, तुमच्या कॅमेऱ्याला रिमोट आहे?” होता, खोडरबराएवढा. तिला स्वतःचं स्टॉप-मोशन करायचं होतं. मागे अर्धी आखलेली मूर्ती स्थिर, पुढे ती. पहिल्या फ्रेममध्ये कॅमेऱ्याकडे बघायचं, मग प्रत्येक फ्रेमला मान थोडी थोडी फिरवत शेवटी मूर्तीकडे. २४ फ्रेम, म्हणजे दोन सेकंद. कॅमेरा मी ट्रायपॉडवर लावला, फोकस पक्का केला, आणि बाजूला झालो. रिमोट तिच्या मुठीत.

खरं सांगायचं तर मला तो पोरखेळ वाटला. शूट संपत आलंय, पोरीला हौस आहे, करू दे. मी चहा घ्यायला गेलो.

चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग हे हौशी पण विलक्षण फोटोग्राफर होते. त्यांनी लेकीचे लहानपणापासून असंख्य फोटो काढले. १९२९ साली सोळाव्या वर्षी अमृता चित्रकला शिकायला पॅरिसला गेली, त्याच्या मागचे-पुढचे फोटो बघितले तर दिसतं की ती नुसती उभी केलेली मुलगी नाही. कपडे, बसणं, नजर, सगळ्यात तिचा स्वतःचा हात आहे. बाप कॅमेऱ्यामागे आहे, पण नाटक लेकीनं बसवलंय. हे फोटो मी वीस वर्षं ओळखतो. तरी माझ्यासमोर तेच चाललं होतं तेव्हा मी चहा पीत होतो.

घरी फोटो उघडले. एकूण १४० माझे, २४ तिचे. माझ्यातले बरेच चांगले होते. तिच्या २४ मधला सतरावा उघडला आणि पुढचा फोटो बघायची इच्छा राहिली नाही. मान अर्धी वळलेली, ना कॅमेऱ्याकडे ना मूर्तीकडे. एक डोळा दाराच्या उजेडात, दुसरा नाकाच्या सावलीत. मागे गणपतीचा एक डोळा आखलेला, दुसरा कोरा. तिनं हे जुळवून आणलं होतं की आपोआप झालं होतं, मी विचारलं नाही. स्टॉप-मोशन करणाऱ्या माणसाला प्रत्येक फ्रेममध्ये फक्त पुढची जागा दिसत असते, दिसण्याचा विचार करायला वेळच नसतो, असं मला वाटतं. ज्या मुलीचा ‘नॅचरल रहा’ म्हटल्यावर कडक पुतळा होत होता, ती स्वतःला मातीसारखी हलवायला लागली आणि मोकळी झाली. नंतर एकदा बोलता बोलता तिनं सांगितलं, “तुम्ही नॅचरल रहा म्हणायचात ना, तेव्हा मला माझे हात कुठे असतात तेच आठवेनासं व्हायचं.”

निवड तिनं केली: सहा आखणीचे, तीन म्हातारीबरोबरचे, आणि सतरावा. आईला एक जादा दिला, मोरपंखी ड्रेसमधला, ज्यात मुलगी फोनमागून डोकावून हसतेय. तो आजही आईच्या व्हॉट्सॲपवर आहे. आईची दुसरी मागणी ‘जरा उजळ करा’ ही होती. ती मी मान्य केली नाही, आणि मला फार समजावायला लागलं नाही, कारण मुलगीच म्हणाली, “आई, अंगाचा रंग मीच देते ना सगळ्यांना? मला माहितीये कुठला कुठे शोभतो.” रिटचिंगचा माझा साधा नियम आहे. दोन आठवड्यांत आपोआप जाणार असेल ते मूल म्हणेल तर काढायचं, कायमचं असेल त्याला हात लावायचा नाही. हनुवटीवरची एक पुटकुळी काढली. भुवईतला लहानपणीचा व्रण तसाच आहे.

या कामानंतर मी रेटकार्ड बदललं. आधी एक भेट कॅमेऱ्याशिवाय, तीही मुलाशी, शक्यतो त्याच्या जागी. निम्मे पालक यावरच फोन ठेवतात, धंद्याला मार बसलाय हे खरं. आणि ‘काम करताना काढा’ हा काही मंत्र नाही, हेही सांगतो. पुढच्याच महिन्यात तबला शिकणारा पंधरा वर्षांचा मुलगा आला. मी हुशारी करून त्याला वाजवायला लावलं. वाजवताना तो परीक्षेला बसल्यासारखा ताठ, तोंडातल्या तोंडात मात्रा मोजत होता. दीड तास फुकट गेला. शेवटी तबला गवसणीत घालताना तो चाटीवरून, म्हणजे तबल्याच्या कडेवरून, हात फिरवून पुटपुटला, “आज ओरडला नाहीस.” फोटो तोच मिळाला, तोही जरा हललेला.

सतराव्या फोटोची १२ बाय १८ ची मॅट प्रिंट काढायची ठरली. कारखान्यात, दराच्या पाटीशेजारी लावायला. प्रिंटला पाठवण्याआधी मी रात्री एकदा फाईल बघितली. सावलीतला डोळा अगदीच काळा वाटत होता. चौदा वर्षांची सवय. फोटोशॉपमध्ये नवा लेअर घेतला, बारीक ब्रश, बुबुळावर एक पांढरा ठिपका ठेवला. पारदर्शकता कमी केली. शेजारच्या डोळ्यातल्या दारासारखा थोडा उभा केला. कुणाला कळलं नसतं. फाईल तिला मंजुरीला पाठवली.

दहा मिनिटांत फोन. “काका, या डोळ्यात ठिपका तुम्ही घातलात ना?”

मी म्हटलं, अगं डोळा मेल्यासारखा दिसत होता. तूच नाही का सगळ्या मूर्तींना दोन्ही डोळ्यांत घालतेस?

“मूर्तीला घालायचाच. ती कुणाच्या घरात जाईल, लाईट कुठून येईल, काय माहीत? मी तर इथेच बसले होते. दार या बाजूला होतं.”

मी लेअर काढून टाकला आणि फाईल परत पाठवली.